कपाटाची किल्ली आणि आठवड्याचा एक तास

प्रति,
महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे सर्व सन्माननीय मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका

विषय: शाळेच्या ग्रंथपालाला शिकवू देण्याबाबत

महोदय, महोदया,



‘वरील विषयास अनुसरून’ अर्ज करायची मला सवय आहे. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं काम करते आहे, त्यातली पहिली अकरा अर्धवेळ. एवढ्या काळात वाळवीबद्दल अर्ज केले, बंद पंख्याबद्दल केले, गळक्या छताखालचं कपाट हलवायला शिपाई मिळावा म्हणूनही केले. बहुतेकांची कधी ना कधी दखल घेतली गेली, हे कबूल करायला हवं. पण जे खरं मागायचं होतं ते कधी मागितलंच नाही, कारण ते अर्जाच्या कुठल्याच नमुन्यात बसत नव्हतं. म्हणून हे पत्र. ते माझ्या एकटीच्या शाळेला नाही, तुम्हा सर्वांना आहे.

आधी एक प्रसंग सांगते, म्हणजे मागणं काय आहे ते कळेल.

तीन वर्षांपूर्वी आठवीला प्रकल्प दिला होता, ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. बहुतेक मुलांनी तो रिवाजाप्रमाणे केला. झेरॉक्सच्या दुकानातून भाज्यांच्या चित्रांचा तक्ता आणला, कापला, चिकटवला, बाजाराचे फायदे-तोटे लिहिले आणि शेवटी ऋणनिर्देशात आईवडिलांचे आभार मानले. एक मुलगी मात्र मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“बाई, आपला बाजार सोमवारीच का भरतो?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं आणि म्हटलं, बघूया कुठे सापडतं का. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरं निघाली. १८८० च्या दशकातल्या आमच्या जिल्ह्याच्या खंडात गावांची माहिती आहे. हे खंड आता संगणकावर वाचायला मिळतात. आमच्या गावाचं अर्धं पान मी छापून आणलं. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग इतकं विचित्र होतं की आपलंच गाव ओळखायला तिला दोन मिनिटं लागली. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही तो परिच्छेद लावला. त्यात बाजाराचा वार मंगळवार दिला होता.

“छापताना चुकलं असेल,” ती म्हणाली.

“असेल. पण चुकलंय की नाही हे कसं ठरवायचं?”

त्यावर ती गप्प झाली. शिकवण्याच्या धंद्यात ह्या गप्प होण्याइतकं मोलाचं काही नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढचे दहा दिवस तिने काय काय केलं! आजोबांना विचारलं. ते म्हणाले, पहिल्यापासून सोमवारच. पेठेतल्या एका जुन्या धान्य व्यापाऱ्याला विचारलं. ते म्हणाले, शेजारच्या तालुक्याचा बाजार मंगळवारी पडायचा, व्यापाऱ्यांना दोन्हीकडे जमेना, म्हणून आपला एक दिवस आधी आणला, असं वडील सांगायचे. गल्लीतल्या एका आजींचं तिसरंच. त्यांच्या सासूने सांगितलेलं, की प्लेगात बाजार बंद पडला आणि परत सुरू झाला तो सोमवारी. मग आम्ही स्वातंत्र्यानंतर निघालेलं जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं. त्यात बाजारांची यादी होती आणि आमच्या गावापुढे सोमवार होता. म्हणजे जुन्या पानावरचा मंगळवार खरा धरला, तर वार बदलला आणि तो ह्या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात कधीतरी बदलला. आजोबांची आठवण त्याच्या मागे पोहोचतच नव्हती.

तिने प्रकल्पाच्या शेवटी लिहिलं: दिवस बदलला असावा, कारण दोन पुस्तकांत दोन वार आहेत. का बदलला, याची दोन कारणं ऐकली. त्यातलं खरं कोणतं ते मला कळलं नाही.

वहीवर लाल शाईत शेरा आला, ‘निष्कर्ष अपूर्ण’. वीसपैकी अकरा. तक्ता कापून चिकटवणाऱ्याला सोळा.

शेरा देणाऱ्या सरांना मी दोष देत नाही. दोन दिवसांत त्यांना साठावर वह्या तपासून गुण भरायचे होते आणि तपासायच्या यादीत ‘निष्कर्ष’ असा एक रकाना होता. पण मला त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. उत्तर ठरलेल्या प्रश्नांसाठी शाळेत जागाच जागा आहे: फळा, स्वाध्याय, गाईड, अपेक्षित प्रश्नसंच. ज्याचं उत्तर वर्गात कुणालाच माहीत नाही असा प्रश्न घेऊन मुलाने जायचं कुठे? अशी एकच खोली शाळेत असू शकते आणि तिची किल्ली माझ्याकडे आहे. पण त्या खोलीत शिकवायचा अधिकार आणि वेळ माझ्याकडे नाही.

आता गाऱ्हाणी एकेक करून मांडते, आणि प्रत्येकाबरोबर मागणंही, म्हणजे नुसतं रडगाणं होणार नाही.

पहिलं गाऱ्हाणं वाचनाबद्दलच आहे, याचं तुम्हाला नवल वाटेल. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी माझी सगळी कपाटं उघडतात. व्हरांड्यात सतरंज्या पडतात, प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक येतं, फोटो निघतात, अहवाल जातो. चारच्या ठोक्याला पुस्तकं मोजून परत आत. त्या दिवसाची मी चेष्टा करत नाही. त्याच सतरंजीवर पुस्तकाला चिकटलेली मुलं मी पाहिली आहेत. पण वाचनसंस्कृतीवर आपण इतकं बोलतो की शोधण्याबद्दल बोलायचं राहूनच जातं. गोष्टीचं पुस्तक गोडीने वाचणारं मूलही ‘याला आधार काय?’ असं विचारायला आपोआप शिकत नाही. पोहणं जसं कुणीतरी पाण्यात उतरून शिकवावं लागतं तसंच हेही शिकवावं लागतं.

आणि शिकवायचं म्हणजे काय, तेही सांगते, कारण ‘संशोधन कौशल्य’ म्हटलं की प्रयोगशाळेतला पांढरा कोट डोळ्यांपुढे येतो. पाचवीच्या मुलाला पुस्तकाच्या सुरुवातीची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांतला फरक कळला पाहिजे. सहावीच्या मुलाला शब्दकोश पाहता आला पाहिजे, आणि मराठी कोश पाहणं सोपं नाही. एकदा सहावीच्या एका तुकडीला ‘ज्ञान’ शोधायला सांगितला. निम्मी मुलं ‘ज’ पाशी गेली, निम्मी अगदी शेवटच्या पानांकडे. दोन्ही गटांचं चुकलं नव्हतं. काही कोशांत ‘ज्ञ’ हा ‘ज’ च्या पोटात येतो, काहींत वर्णमालेच्या तळाला. कोश बदलला की वाट बदलते, म्हणून आधी कोशाची प्रस्तावना वाचायची, हे त्या पोरांना त्या दिवशी जे कळलं ते व्याख्यानाने कळलं नसतं. सातवीत एकाच घटनेबद्दल दोन पुस्तकं समोर ठेवून ती कुठे जुळतात, कुठे फाटतात ते पाहायचं. आठवीत अस्सल कागद आणि त्यावरून कुणी लिहिलेलं पुस्तक यांतला फरक कळला पाहिजे. नववीत, दुसऱ्याचं वाक्य घेतलं की त्याचं नाव लिहायचं. एवढाच माझा अभ्यासक्रम आहे, पाच वर्षांचा. तो कुठल्याच वेळापत्रकात नाही.

खरं तर या बाबतीत आपली भाषा गरीब नाही. केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. वाईला तर्कतीर्थांच्या संपादनाखाली विश्वकोश उभा राहिला आणि वीस खंडांपर्यंत गेला. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. ‘साधने’ हा त्यांचा शब्द पाहा. आधी कागद, मग मत, हा सगळा आग्रह त्या एका शब्दात आहे. राजवाड्यांची जयंती करणारी शाळा मुलांना एकदा तरी एखादा जुना कागद हातात देऊन ‘हा कोणी, कधी, कशासाठी लिहिला असेल?’ असं विचारते का?

दुसरं गाऱ्हाणं माझ्या वेळेचं. कुणी शिक्षक रजेवर गेले की पहिला निरोप ग्रंथालयात येतो, ‘बाई, नववी ब वर बसा.’ पाठ्यपुस्तकांचं वाटप माझ्याकडे, शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्याकडे, सरल आणि यूडायसची माहिती भरायला क्लार्कना हात हवा असला तरी मीच. वेळापत्रकात ज्या वर्गांना ग्रंथालयाचा तास आहे, त्यांचा तास सहामाही जवळ आली की गणिताच्या उजळणीला जातो. गणिताचे सर दाराशी येऊन हसत म्हणतात, ‘तुमचा तास घेतो हं.’ ‘घेऊ का’ असं अजून कुणी विचारलेलं नाही.

या दोन्ही गाऱ्हाण्यांबाबत माझं मागणं लहान आहे. पाचवी ते नववीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा असावा, त्याला घटक-नियोजन असावं आणि इतर विषयांसारखंच तेही तुम्ही तपासावं. मी लॉगबुक लिहायला तयार आहे. तुम्ही मागे बसून माझा पाठ पाहावा आणि शेरा द्यावा, अशीच माझी इच्छा आहे. ज्या कामाचं कुणी निरीक्षण करत नाही, ते काम शाळेत कुणी काम मानत नाही.

तिसरं गाऱ्हाणं प्रकल्पांचं. आपल्याकडे ज्ञानरचनावादाची प्रशिक्षणं झाली, भाषेच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, श्रेणी विषयांना प्रकल्प आले. हेतू चांगला होता. पण प्रकल्पाचा विषय ‘पाणी’, ‘प्रदूषण’, ‘थोर समाजसुधारक’ असा एका शब्दाचा दिला की त्यावर नक्कल करण्यावाचून मूल दुसरं काय करणार? गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे जलसुरक्षेची तयार वही असते, फक्त नाव आणि हजेरी क्रमांक बदलायचा. एका वर्षी अठरा मुलांच्या प्रस्तावनेत एकच चूक होती, ‘पाणी हेच जिवन’. जीवनाचा जी अठरा ठिकाणी ऱ्हस्व.

विषय देताना त्याला प्रश्नाचं रूप द्या, एवढं म्हणते. ‘पाणी’ ऐवजी ‘आपल्या गल्लीत नळ येण्याआधी पाणी कुठून यायचं?’ असं विचारा. मग गाईडमध्ये उत्तर नसतं. आजीकडे असतं, ग्रामपंचायतीत असतं, कदाचित बुजलेल्या आडावर असतं. आणि विषय ठरवायला शिक्षक बसतील तेव्हा मलाही बोलवा. कुठल्या प्रश्नाला आमच्या कपाटात काय आहे, कुठल्यासाठी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जावं लागेल आणि कुठला प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेर आहे, एवढं मी सांगू शकते.

वीस गुणांतले पाच गुण शोधाच्या नोंदीला ठेवा: कुठे पाहिलं, कोणाला विचारलं, काय सापडलं नाही. नोंद वहीत तारखेनिशी हवी. हे पाच गुण मी तपासून देईन, सरांवर त्याचा भार नको. ‘कळलं नाही’ असं जो पुराव्यानिशी लिहील त्याला त्यात पूर्ण गुण मिळतील, हेही आत्ताच सांगून ठेवते.

इथे अमेरिकेतल्या एका बाईंचा उल्लेख करायचा मोह आवरत नाही. कॅरोल कुल्थाऊ आधी शाळेत ग्रंथपाल होत्या, पुढे विद्यापीठात शिकवू लागल्या. प्रकल्प करताना मुलांना काय काय वाटतं, याचा त्यांनी १९८० च्या दशकात बारकाईने अभ्यास केला. त्यांना असं दिसलं की विषय ठरला की मुलांना हायसं वाटतं, पण वाचायला लागलं की गोंधळ वाढतो, आत्मविश्वास खाली जातो आणि नेमका प्रश्न सापडेपर्यंत तो तसाच राहतो. आपली आठवी पाहा. विषय सोमवारी देतो, वही पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मागतो. म्हणजे पोर गोंधळाच्या ऐन खड्ड्यात असताना आपण वही ओढून घेतो. मग ते झेरॉक्सच्या दुकानाकडे धावलं तर त्याचं काय चुकलं? त्या मधल्या दिवसांत त्याच्याशेजारी बसणारं कुणीतरी लागतं. ते काम ग्रंथपालाचं.

चौथं गाऱ्हाणं मोबाइलचं, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. मोबाइल काढून घ्या असं मी म्हणत नाही. मूल घरी गेलं की तो हातात येणारच आहे. मागच्या वर्षी नववीतला एक मुलगा कागदावर तीन पुस्तकांची नावं लिहून घेऊन आला. भाषणासाठी माहिती हवी होती. मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याला पानभर मजकूर दिला होता आणि खाली ही तीन पुस्तकं. दोन सापडली. तिसऱ्याचे लेखक नावाजलेले, पण आमच्या दाखल नोंदवहीत त्या नावाचं पुस्तक नाही, तालुक्याच्या वाचनालयातही नाही. मग मी त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि ‘लेखकाची इतर पुस्तके’ हे पान काढायला सांगितलं. बोट ठेवत त्याने दोनदा यादी वाचली. त्या नावाचं पुस्तक त्यात नव्हतं.

“म्हणजे याने खोटं सांगितलं?”

“खोटं सांगायला खरं माहीत असावं लागतं,” मी म्हटलं. “याने जुळवून सांगितलं.”

घरी जाऊन त्याने उरलेल्या मजकुरातली प्रत्येक तारीख तपासली, हे मला त्याच्या आईकडून कळलं. अशी तपासणी शिकवायला ग्रंथालयात एक चालू संगणक आणि इंटरनेटची जोडणी हवी. बऱ्याच शाळांत संगणक कक्ष असतो आणि त्याला वेगळं कुलूप असतं. पुस्तकं एका खोलीत, संगणक दुसऱ्या खोलीत, आणि पडताळणी तर या दोन्हींच्या मध्येच होते. एक संगणक माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवा. नवा नको, चालणारा पुरे.

पाचवं गाऱ्हाणं कुलुपाचं. यात माझ्याच जातभाईंचा दोष मोठा आहे, म्हणून ते आपल्याच तोंडाने सांगते. आम्ही ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं पुस्तकं राखली. ‘हात लावू नका’, ‘रांगेत या’, ‘शू!’ एवढीच वाक्यं मुलांनी आमच्या तोंडून ऐकली. काचेच्या कपाटातली पुस्तकं बाहेरून नावं वाचून मागायची आणि आम्ही काढून द्यायची. पुस्तक चाळता येत नसेल तर ते आपल्याला हवंय की नको हे मुलाला कळणार कसं? डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. तो नियम आम्ही परीक्षेत पाठ लिहून पास झालो आणि नोकरीला लागल्यावर कुलूप विकत आणलं.

पण कुलूप का आणलं, तेही ऐका. वर्षाअखेरीस मोजदाद होते. जेवढी पुस्तकं कमी तेवढी किंमत ग्रंथपालाच्या पगारातून, निदान तशी भीती. अर्धवेळ पगार असताना पुस्तकं उघडी ठेवायचं धाडस कोण करेल? केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत मात्र शहाणपणाची तरतूद आहे. वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच गहाळ झाली तर, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसल्यास, ते वाजवी धरावं असं तो नियम सांगतो. तो आपल्या शाळांना थेट लागू नसेल, पण आपल्या शाळा समितीने तसा ठराव करायला कोण अडवतं? एवढा ठराव करा. मी उद्या सकाळी कपाटांची दारं बिजागऱ्यांसकट काढून ठेवते. हरवलेल्या पुस्तकांची यादी नीट ठेवीन, फाटक्यांचं निर्लेखन करीन. पण जिथे वर्षभरात एकही पुस्तक हरवलं नाही ते ग्रंथालय वापरलंच गेलं नाही, असं मी समजते, आणि तुम्हीही समजावं.

रंगनाथनांचा चौथा नियम सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. शाळेत मात्र मी तो जपून पाळते. मुलाने विचारलं की लगेच पुस्तक काढून हातात दिलं तर त्याची पाच मिनिटं वाचतात आणि शोधणं बुडतं. म्हणून मी फक्त फळीकडे बोट दाखवते. तो रांगेत चुकतो, शेजारचं पुस्तक उघडतो, त्यातच रमतो. हा उशीर मुद्दाम केलेला असतो. तास पाहायला आलात आणि पोरं नुसती फळ्यांपुढे रेंगाळताना दिसली, तर कृपा करून ‘वर्गनियंत्रण नाही’ असा शेरा लिहू नका.

शेवटचं गाऱ्हाणं माझ्या दर्जाचं. यातलं पुष्कळसं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं लिहिलं आहे. ती पुस्तकं कुणी द्यायची-घ्यायची, यावर एक शब्द नाही. कायद्यात ग्रंथालय आहे, ग्रंथपाल नाही. १९६७ चा आपला ग्रंथालय कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा, त्यात शाळा येत नाही. पट हजाराच्या घरात असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याखाली अर्धवेळ, आणि लहान शाळेत कुणीच नाही, अशी रीत राहिली. म्हणजे ज्या खेड्यातल्या मुलाच्या घरी एक पुस्तक नसतं, त्याच्याच शाळेत कपाट दाखवणारं माणूसही नसतं. मुदलियार आयोगाने १९५३ च्या आसपास माध्यमिक शाळेला प्रशिक्षित ग्रंथपाल हवा असं सांगितलं होतं. त्याला सत्तर वर्षं झाली. ती पदं मंजूर करणं शासनाच्या हातात आहे, आणि तिथे आमच्या संघटना भांडत आहेत.

तुमच्या हातात मात्र एक खुर्ची आहे. सेवापुस्तकात माझी नोंद शिक्षकेतर कर्मचारी अशी आहे. म्हणून शिक्षकांच्या बैठकीला मला निरोप नसतो. बैठकीत कोणत्या इयत्तेला काय अवघड जातंय याची चर्चा होते आणि मी त्या वेळी शेजारच्या खोलीत पावत्या लावत बसलेली असते. त्या बैठकीत एक खुर्ची वाढवा. त्यासाठी शासननिर्णय लागत नाही, शिपायाला हाक मारली की पुरतं. जिथे पदच नाही तिथल्या मुख्याध्यापकांनी हौशी शिक्षकाला आठवड्याचे चार तास मोकळे करून द्यावेत आणि त्याला ग्रंथालय सांभाळायला सांगू नये, ते शिकवायला सांगावं.

मागणं संपलं. आता त्या मुलीचं सांगते.

प्रकल्पाच्या वह्या जूनमध्ये रद्दीत जातात. तिची वही मी मागून घेतली. दाखल नोंदवहीत पुढचा क्रमांक टाकला, लेखिकेच्या रकान्यात तिचं नाव, प्रकाशकाच्या रकान्यात रेघ, किमतीच्या रकान्यात ‘भेट’. पुस्तकांसारखीच कण्यावर चिठ्ठी लावली, ३८१, व्यापाराच्या वर्गात, आणि फळीवर ठेवली. ती नोंद पाहून लेखापरीक्षक काय म्हणतील याची धास्ती होती. ते काही म्हणाले नाहीत. बहुधा त्यांनी तेवढं खाली वाचलंच नाही.

ह्या जुलैत आठवीतला एक मुलगा ती वही घेऊन टेबलापाशी आला. आत बोट घालून त्याने शेवटचं पान धरून ठेवलं होतं.

“बाई, हिने हे अर्धं सोडलंय. प्लेगचं खरं होतं का, ते मी बघू?”

मी त्याला वही दिली, परत करायची तारीख शिक्का मारून. नोंद देवघेवीच्या वहीत आहे, कधीही येऊन पाहावी. येताना शक्य असेल तर एक तास मोकळा ठेवून या. त्याच्या प्रश्नाला कुठे पाहावं यावर मीही अजून विचार करते आहे, आणि तुम्हाला एखादी वाट सुचली तर आम्हा दोघांनाही हवीच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
ग्रंथालयाच्या बाई
(सेवापुस्तकातील नोंद: शिक्षकेतर)